सध्या साक्षीदार

धुळे आगारात एकतीस वर्षं कंडक्टरकी करून कौतिक बिऱ्हाडे निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात साहेब म्हणाले होते की या माणसाच्या बॅगेत कधी एक रुपया कमी आला नाही आणि एक रुपया जास्तही निघाला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कौतिकनाना मात्र खुर्चीत अवघडून बसले, कारण ते वाक्य पुरतं खरं नव्हतं. एकदा दोन रुपये जास्त निघाले होते.

कंडक्टर ड्युटीवर चढला की खिशात स्वतःचे किती पैसे आहेत ते आधी कागदावर लिहून द्यावं लागतं. वाटेत तपासणी पथक चढलं तर तिकिटांचे पैसे आणि कंडक्टरचे स्वतःचे पैसे वेगळे मोजले जातात. त्या दिवशी बोराडीहून येताना एका म्हातारीने उरलेले दोन रुपये घेतलेच नाहीत. "ऱ्हाऊ दे रे भाऊ, चहा पी," म्हणाली आणि उतरून गेली. पुढच्याच थांब्यावर पथक चढलं. त्या दोन रुपयांची चौकशी चार महिने चालली. नाना त्यातून सुटले, पण कुणाचाही पैसा जवळ आला की त्यांच्या तळहाताला घाम सुटायचा, तो तेव्हापासून.

निवृत्तीनंतर पहिलं वर्ष घराला रंग देण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी करायला काही उरलं नाही. बायको झुंबरबाई गच्चीवर ज्वारीचे बिबडे, जाडसर पापड, वाळत घालायची, बचत गटात जायची, बुद्धविहाराच्या कामात असायची. तिचा दिवस भरलेला होता. लेक वृषाली चाळीसगावला दिलेली. तिचं कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान होतं. नाना रोज सकाळी दहाला बस स्टँडवर जाऊन बसत, ओळखीच्या ड्रायव्हरांशी चार शब्द बोलत आणि जेवायला घरी येत. आयुष्यभर ज्याच्या घंटीवाचून गाडी हलली नाही, त्याच्यावाचून आता सगळ्याच गाड्या वेळेवर सुटत होत्या.

तिथेच त्यांना हितेंद्रभाऊ भेटला.

"ओळखलं का नाना? शिरपूर-धुळे, सकाळची पावणेसातची. मी कॉलेजला होतो. पास विसरलो म्हणून तुम्ही मला नरडाण्याला उतरवलं होतं."

नानांना आठवेना. चाळिशीतला, पांढऱ्या शर्टातला गोरटेला माणूस, हसला की डोळे बारीक व्हायचे. तो खाली वाकून पाया पडला. भर स्टँडवर, दहा माणसांदेखत.

"राग आला होता तेव्हा," तो म्हणाला, "पण मनात धरून ठेवलं, की माणूस असावा तर असा."

हितेंद्रचा सरकी आणि ढेपेचा व्यापार होता. पारोळा रोडला वरच्या मजल्यावर ऑफिस. विश्वासाचा माणूस हवा होता. काम काहीच नाही, म्हणाला, पाकिटं पोचवायची; शिरपूर, यावल, चाळीसगाव. बाराशे गावं हिंडलेल्या माणसाला ते अवघड नव्हतं. महिना बारा हजार. नानांना पगारापेक्षा दुसरीच गोष्ट भावली: ऑफिसात त्यांच्यासाठी खिडकीजवळ एक खुर्ची होती, आणि हितेंद्रभाऊ आला की आधी त्यांना नमस्कार करायचा, मग बाकीच्यांना.

पहिल्याच पाकिटाच्या वेळी नानांनी विचारलं, "आत काय आहे?"

"कागद असतात. कधी थोडी रक्कम. व्यापार म्हटला की आलंच."

"मग पावती?"

हितेंद्र हसला. "नाना, आपल्याकडे विश्वास हीच पावती."

हे वाक्य नानांना आवडलं नाही. पण ते त्यांच्याविषयी होतं, आणि कौतुकाचं होतं. माणूस कौतुकापुढे थोडा आंधळा होतो. नाना तर त्याच नावाचे.

सहा महिने पाकिटं गेली. घेणारे लोक दारातच पाकीट घेत आणि दार लावून घेत. कुणी पाणी विचारत नसे. एकतीस वर्षांत खेड्यापाड्यांत नानांना पाणी न विचारणारं दार विरळाच भेटलं होतं. यावलला एकाने तर पाकीट घेताना मान वळवून गल्लीच्या टोकाकडे पाहिलं आणि विचारलं, "तो आधीचा कुठं गेला?"

"आधीचा कोण?"

त्या माणसाने दार लावून घेतलं.

मग एक दिवस ऑफिसच्या जिन्यात एक बाई बसलेली दिसली. काळा बुरखा, तोंडावरचा पडदा मागे टाकलेला, मांडीवर स्टीलचा डबा. नाना वर जात होते, ती उठून उभी राहिली. वरून ऑफिसातला माणूस ओरडला, "सांगितलं ना एकदा, इथे कुणी नासीर नव्हता! रोज रोज काय?"

बाई डबा सावरत जिना उतरून गेली. नाना वर गेले. खुर्चीत बसताना पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की खुर्चीच्या डाव्या हाताचं रेक्झिन झिजलेलं आहे. या खुर्चीत आपल्याआधी कुणीतरी बरेच दिवस बसलेलं होतं.

चार दिवसांनी ती बाईच स्टँडवर त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचं नाव अमिनाबी. नवरा नासीर आधी कापडाच्या लूमवर मुकादम होता, मग दोन वर्षं हितेंद्रकडे होता.

"भाऊ, तुम्ही त्यांच्या जागेवर आलात ना?"

"मला माहीत नाही, बाई."

"मला माहितीय. खिडकीजवळची खुर्ची." ती हळू, समजुतीने बोलत होती. "त्यांना गुजरातेत रेल्वे स्टेशनवर धरलं. बॅगेत पैसे होते. पैसे धरले तर धरले, चौकशी झाली असती आणि सुटले असते. पण त्यातल्या काही नोटा खोट्या निघाल्या. सात महिने झाले, आत आहेत. मी शेठकडे गेले तर शेठ म्हणतात, कोण नासीर? बॅगेत कागद होता, पैसे माझे आहेत म्हणून. खाली त्यांची सही होती, भाऊ. खरी सही. मी ओळखते ना."

नानांनी विचारलं, "सही कशी आली?"

"ते म्हणायचे, शेठ विमा काढून देतायत."

नाना पुढे ऐकायला थांबले नाहीत. समोर शिंदखेड्याची गाडी लागली होती, तीत ते उगाचच चढून बसले आणि दोन थांब्यांनंतर उतरले. कारण फेब्रुवारी महिन्यात हितेंद्रभाऊंनी त्यांचाही विमा काढला होता. ऑफिसातल्या माणसाने कागदांचा गठ्ठा पुढे केला, बोटाने जागा दाखवत गेला आणि नाना सह्या करत गेले. त्यातले काही कागद वरून कोरे होते. नानांचा पेन थबकला होता. तेवढ्यात हितेंद्रने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चहा मागवला. "थकलात का नाना?" असं विचारलं. किती कोरे होते? चार? पाच? तिकीट क्रमांक तोंडपाठ ठेवणाऱ्या माणसाला तेवढं आठवेना.

घरी हे त्यांनी सांगितलं नाही. पण झुंबरबाईला सांगावं लागत नसे. रात्री ताट पुढे ठेवताना ती म्हणाली, "काय व्हयनं?"

"काही नही."

"तो माणूस इतला गोड बोलस, माले त्यानं भ्याव वाटस."

नानांनी ठरवलं, महिना भरला की काम सोडायचं. भांडण नको, तब्येतीचं कारण सांगायचं. हितेंद्रपुढे बोलायला ते गेले, तर त्यानेच दोन्ही हात जोडले.

"नाना, आज मी तुम्हाला खुशखबर देणार आहे. विमानात बसलात का कधी?"

जळगावहून हैदराबादला दुपारचं विमान होतं. तिकडच्या एका पाहुण्यांकडे लग्न, त्यांना साड्यांची बॅग पोचवायची. साड्यांच्या खोक्यांत थोडी रक्कम आहे, हे हितेंद्रने लपवलं नाही. "आपल्या देशात पैसे नेणं हा काही गुन्हा नाही. कुणी विचारलं, तर हे पाकीट द्यायचं. आत हिशेबाचा कागद आहे. न विचारता द्यायचं नाही. झालं! संध्याकाळी पोचलात की दोन दिवस हैदराबाद बघा. चारमिनार बघा." त्याने निळी नवी कोरी बॅग पुढे सरकवली, किल्ली नानांच्या हातात दिली आणि त्यांची मूठ बंद केली. "तब्येतीचं काय म्हणत होतात?"

नानांनी अजून तब्येतीचा शब्दही काढला नव्हता.

"काही नाही," ते म्हणाले.

नाही म्हणायचं का सुचलं नाही, हे नंतर त्यांना अनेकांनी विचारलं. पोलिसांनी विचारलं, वकिलांनी विचारलं, लेकीने रडून विचारलं. खरं उत्तर एवढंच होतं, की समोरच्या माणसाला आपल्या घराचा रस्ता, लेकीचं दुकान, बायकोचा बचत गट, सगळं माहीत आहे, हे त्या क्षणी त्यांना उमगलं. आणि तो अजूनही हसतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई दारात उभी होती. बॅगेकडे पाहून म्हणाली, "नवी बॅग कसाले दिधी त्यानी? पैसा कोना शे?"

"मन्हा नही," नाना म्हणाले. बायकोला खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं तेवढंच येत होतं.

जळगावची गाडी पारोळा, एरंडोल करत निघाली. बॅग त्यांनी मांडीवर धरली होती. कंडक्टर तरुण होता, नानांना ओळखत होता. "नाना, बॅग वर ठेवा की!" म्हणाला. नाना नको म्हणाले. एरंडोलपासून एक पांढरी गाडी बसच्या मागे होती. ती कधी पुढे जाई, कधी मागे राही. रस्त्यावर पांढऱ्या गाड्या काय कमी असतात? पण जळगाव स्टँडला नाना रिक्षात बसले, तेव्हा ती गाडी समोरच्या फळवाल्यापाशी उभी होती, आणि कुसुंब्याच्या बाजूला विमानतळाकडे वळताना मागच्या काचेतून परत दिसली. गाडीतलं कुणी खाली उतरणार नव्हतं. नानांना फक्त दारापर्यंत सोडायला आले होते.

विमानतळ एवढासाच, एखाद्या नव्या तालुक्याच्या स्टँडएवढा, पण चकचकीत आणि शांत. दारावर तिकीट आणि आधार कार्ड पाहिलं, आत सोडलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "बॅग सोबत नेणार की देणार?" सांगितल्याप्रमाणे नाना म्हणाले, "सोबत." तिने पुढे बोट दाखवलं. तिथे रांग होती. लोक बॅगा पट्ट्यावर ठेवत होते, बॅगा काळ्या पडद्याआड जात होत्या आणि पलीकडे एक माणूस संगणकाकडे बघत बसला होता.

रांगेत पुढे नऊ माणसं. नाना वळले आणि स्वच्छतागृहात गेले.

आत दाराला कडी घालून त्यांनी आधी ते पाकीट फोडलं. छापील कागद. मी, कौतिक सुपडू बिऱ्हाडे, राहणार धुळे, सोबतची रोख रक्कम रुपये बावीस लाख ही माझ्या निवृत्तीच्या व प्लॉट विक्रीच्या पैशांची असून सदर रक्कम मी स्वखुशीने नेत आहे. खाली सही. सहीतल्या 'बि'ची वेलांटी त्यांची होती. शाळेत गुरुजींनी हातावर छडी मारून शिकवलेली, लांब मागे वळणारी. त्यांच्या मालकीचा एक गुंठाही प्लॉट कधी नव्हता.

त्यांनी बॅग उघडली. साडीचं पहिलं खोकं. साडीची घडी उचलली, खाली पाचशेच्या नोटांची बंडलं. एक हातात घेतलं. वरची नोट चांगली होती. खालचीही. मग डोळे मिटून त्यांनी बंडलाच्या कडेवरून अंगठा फिरवला, जसा आयुष्यभर अंधाऱ्या गाडीत, घाटात, गर्दीत फिरवला होता. खऱ्या नोटेच्या कडेला उठावाच्या रेघा असतात, बोटाला टोचतात. पंधरा-वीस नोटा टोचल्या. मग मध्येच अंगठा घसरला. गुळगुळीत. मग परत टोचल्या. परत गुळगुळीत.

दुसरं बंडल. तिसरं. सगळ्यांचं तेच.

बाहेर कुणीतरी हात धूत होतं, गाणं गुणगुणत होतं. नाना कमोडच्या झाकणावर बसले. इथून बाहेर पडून परत जावं, तर दारात पांढरी गाडी. बॅग इथेच टाकून जावं, तर कागदावर नाव. विमानात बसावं, तर तिकडे घ्यायला कोण येणार हेही माहीत नाही. त्यांना अमिनाबीच्या मांडीवरचा स्टीलचा डबा आठवला. सात महिने ती बाई डबा घेऊन कुणाच्या जिन्यात बसत होती आणि आपण शिंदखेड्याच्या गाडीत चढून पळालो होतो.

ते उठले. खोकं होतं तसं लावलं, बॅग बंद केली. तोंडावर पाणी मारलं. रांगेत न थांबता बाजूने सरळ खाकीतल्या बाईंपाशी गेले. तरुण होत्या. छातीवरच्या पट्टीवर शिल्पा एवढंच त्यांना वाचता आलं.

"मॅडम, ही बॅग पट्ट्यावर ठेवायच्या आधी माझं एक लिहून घ्या."

"काय लिहून घ्यायचं, बाबा?"

"यात रोकड आहे. माझी नाही. आणि आतल्या काही नोटा खोट्या आहेत, असं माझ्या हाताला वाटतंय."

बाईंचा चेहरा पालटला. "बॅग खाली ठेवा. हात काढा तिच्यावरून. दोन पावलं मागे या." त्यांनी वायरलेसवर काहीतरी सांगितलं. रांगेतली माणसं फुटल्यासारखी बाजूला झाली. एका बाईने आपल्या मुलीला ओढून घेतलं. आयुष्यभर लोकांनी ज्यांच्याकडे सुटे पैसे मागितले, त्या नानांकडे आता कुणी नजर वळवेना.

"वेळ पण लिहा मॅडम," नाना म्हणाले. "एक वाजून बावीस मिनिटं."

त्यांना एका खोलीत नेलं. बॅग टेबलावर ठेवली. बरेच अधिकारी आले, गावातून आयकरचे दोघं आले, पोलीस ठाण्याचे निरीक्षक आले. एकाच प्रश्नाची सात-सात वेळा उत्तरं द्यावी लागली. निरीक्षक शांत माणूस होता, पेनाचं टोपण बोटात फिरवत राहायचा. तो नानांचा कागद वाचत असतानाच टेबलावरचा मोबाईल वाजला. हितेंद्रभाऊ.

निरीक्षकाने ओठांवर बोट ठेवलं आणि फोनचा स्पीकर लावला.

"बसलात का नाना? खिडकी मिळाली?" तोच आवाज. पेढ्यासारखा.

नानांनी निरीक्षकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही भाऊ. बॅग इथे उघडलीय."

पलीकडून एक आवाज आला, आणि तो कुणा दुसऱ्याच माणसाचा असावा असं नानांना वाटलं, इतका तो सपाट होता.

"कोण बोलतंय? मी कुठल्या नानांना ओळखत नाही. राँग नंबर."

फोन बंद झाला. तो नंबर कुणा तिसऱ्याच्याच नावावर होता, हे संध्याकाळी कळलं. बँकेचं यंत्र आणून नोटा मोजल्या, तेव्हा दर बंडलात तीसेक नोटा खोट्या निघाल्या. मशीन चालवणाऱ्या माणसाने नानांकडे वळून पाहिलं आणि पुन्हा मशीनकडे पाहिलं.

सोडताना निरीक्षक म्हणाले, "तुम्ही स्वतःहून सांगितलं, ते लिहिलंय. न सांगता लांब कुठे जायचं नाही, बोलावलं की यायचं."

"साहेब, मी यात कोण आहे?"

निरीक्षकाने टोपण पेनाला लावलं. "सध्या साक्षीदार."

'सध्या' हा शब्द नानांच्या घरात त्या दिवसापासून बिनभाड्याने राहायला आला.

हितेंद्रला बोलावलं. तो वकील घेऊन आला आणि एक कागद दाखवून गेला. कौतिक बिऱ्हाडे यांचा राजीनामा, दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेचा. प्रकृतीच्या कारणास्तव काम सोडत आहे. खाली नानांची सही. म्हणजे कोऱ्या कागदांतले दोन वर आले. उरलेले दोन का तीन कुठे आहेत, त्यांवर काय छापलंय, की अजून छापायचं आहे, हे कुणी सांगू शकत नव्हतं. हितेंद्रला अटकपूर्व जामीन मिळाला. ऑफिसला कुलूप लागलं. पाटी उतरली.

मग एक दिवस दुपारी वृषालीचा फोन आला. दुकानात एक माणूस आला होता. एका कागदाची झेरॉक्स काढली, दोन रुपये दिले आणि जाताना म्हणाला, "वडील बरे आहेत ना? या वयात प्रवास झेपत नाही. जपा म्हणावं."

"कागद कसला होता?" नानांनी विचारलं.

"कोरा होता, आबा. कोऱ्या कागदाची झेरॉक्स काढून घेतली त्यानं."

नानांनी फोन ठेवला. झुंबरबाई समोर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "कोर्टात जाई ते बठ्ठं सांगी टाका. अर्धं सांगशाल तर अर्धं भ्याव ऱ्हाई."

नाना गेले. न्यायाधीशांपुढे त्यांनी पहिल्या पाकिटापासून सगळं सांगितलं. यावलचा माणूस, विम्याच्या सह्या, फोनवरचा आवाज. शिंदखेड्याच्या गाडीत पळून गेलो होतो, तेही सांगितलं. लिहून घेणाऱ्याने विचारलं, "हे कशाला?" नाना म्हणाले, "घडलंय म्हणून." त्या जबाबाची नक्कल अमिनाबीच्या वकिलाने गुजरातेत नेली आणि एक महिन्याने नासीरला जामीन मिळाला.

तो भेटायला आला. पन्नाशीही न गाठलेला माणूस, पण दाढी पिकलेली, बसताना भिंतीला पाठ लावून बसणारा. त्याने आभार मानले नाहीत. चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाला, "नाना, आत मला एकजण भेटला. नंदुरबारचा. शाळेत शिपाई होता, रिटायर झालेला. तीन वर्षं आत आहे. माझ्याआधी तो होता."

"हितेंद्रकडे?"

"हो. त्याच्याआधीचं त्याला माहीत नव्हतं." नासीरने कप खाली ठेवला. "आता शिरपूरला नवीन ऑफिस उघडलंय. दुसऱ्याच्या नावानं. तिथं एक पोस्टमन लावलाय. रिटायर. मोतीलाल नाव आहे."

नानांनी दुसऱ्या दिवशी शिरपूरची गाडी धरली. झुंबरबाईने अडवलं नाही, पण डबा देताना तिचा हात डब्यावरून लवकर सुटला नाही.

मोतीलालचं घर पोस्टाच्या मागच्या गल्लीत होतं. साधा, उजळ तोंडाचा माणूस. त्याने पाणी दिलं, चहा दिला, नानांचं सगळं बोलणं मान हलवत ऐकून घेतलं. नानांनी नाव सांगितलं, बॅग सांगितली, नासीरचे महिने सांगितले, नंदुरबारच्या शिपायाची तीन वर्षं सांगितली. मोतीलालची बायको आतल्या दारात उभी राहून ऐकत होती.

"भाऊ," मोतीलाल शेवटी म्हणाला, "शेठ माझ्या पाया पडले. भर बाजारात. चाळीस वर्षं मी या गावात पत्रं वाटली, माझ्या पाया कुणी पडलं नव्हतं." तो थोडा हसला. "तुमचं काही वैर असेल त्यांच्याशी. मला सोमवारी जळगावहून विमानानं जायचंय. पोरं म्हणतायत, फोटो काढा."

"बॅग तेवढी उघडून बघा," नाना म्हणाले.

"दुसऱ्याचं टपाल मी कधी फोडलं नाही."

नानांनी निरीक्षकाचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. मोतीलालने ती घडी करून खिशात ठेवली आणि त्यांना गाडीपर्यंत सोडायला आला. नाना धुळ्याला उतरले नाहीत; तसेच जळगावला गेले, निरीक्षकाला सगळं सांगितलं. निरीक्षक म्हणाले, "बघतो. तुम्ही आता घरी बसा."

रविवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. झुंबरबाई गच्चीवर होती. घर उन्हाने भरलेलं होतं.

"नाना, शिरपूरला जाऊन आलात म्हणे. चहा तरी घेतलात ना?"

नानांच्या तळहाताला घाम फुटला. पण आवाज कापरा झाला नाही. "घेतला," ते म्हणाले. "साखर जास्त होती."

पलीकडे हितेंद्र हसला, अगदी मनापासून. "तब्येतीला जपा," म्हणाला, आणि फोन ठेवला.

सोमवारी नाना घरी बसले नाहीत. सकाळीच जळगावला गेले आणि विमानतळाच्या बाहेर, गाड्या उभ्या करतात तिथल्या कट्ट्यावर बसून राहिले. साध्या कपड्यातले दोन पोलीस दारापाशी होते. एक वाजला, दीड वाजला. लग्नाची माणसं आली, एक डॉक्टर आला, कुणी पेढ्यांचे खोके घेऊन आलं. प्रत्येक रिक्षा थांबली की नाना उठून उभे राहत. मोतीलाल आला नाही.

विमान गेलं. त्याचा आवाज बराच वेळ अजिंठ्याच्या डोंगराच्या दिशेने येत राहिला. नानांनी शिरपूरला मोतीलालच्या घरी फोन लावला. मोतीलालच्या बायकोने उचलला.

"ते घरी आहेत का?"

"नाही हो. पहाटेच गेले. शेठची गाडी आली होती न्यायला." मग तिनेच विचारलं, "विमानतळावर नाहीत का ते?"

शेठने वाट बदलून मोतीलालला दुसरीकडेच नेलं, हे नानांना उमगलं. त्यांनी साध्या कपड्यातल्या पोलिसाकडे पाहिलं. तो मोबाईलवर बोलत त्यांच्याकडेच येत होता. घाईघाईने.

"बाई," नाना म्हणाले, "फोन चालू ठेवा. मी शिरपूरला येतोय."